टोलेडोतली रांग

बायकोला चार दिवस कुठंतरी शांत ठिकाणी नेऊन आण, असा सल्ला मला ज्यांनी ज्यांनी दिला, त्यांपैकी एकानेही स्वतःच्या बायकोला कधी कुठं नेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नेलं असेल तर इथंच सिंगापुरात, सेरंगूनच्या मॉलमध्ये, तेही फुकटचा एसी खायला. पण सल्ला द्यायला अनुभव थोडाच लागतो! आणि मी पडलो बँकेच्या रिस्क विभागातला माणूस. रॅफल्स प्लेसला दिवसभर लोकांची भीती गंभीर चेहऱ्याने ऐकून घ्यायची हाच आमचा धंदा. त्यामुळे जो तो मला येऊन सांगे, आणि मी ऐके.

तक्रार एवढीच होती की सुनेत्रा बसत नव्हती. बसत नव्हती म्हणजे अक्षरशः बसत नव्हती. चहाचा कप हातात घेऊन उभी राहायची, दोन घोट झाले की कप ठेवून कपाट आवरायला घ्यायची, कपाट अर्धं झालं की पडदे काढायची. आमचा सोफा घरभर फिरून आला. एकदा ऑफिसातून आल्यावर दिवा न लावता मी सवयीने सोफ्यावर बसायला गेलो आणि टीपॉयवर आदळलो. त्या दुखण्याचं नाव डॉक्टरांना सांगतानाही मला लाज वाटली. घरात आवरायला काही उरलं नाही की ती बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालायची. शेजारच्या लिम आंटीने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "युवर वाइफ ट्रेनिंग फॉर मॅरेथॉन, आह?" मी हो म्हणून मोकळा झालो.

हे सगळं नाना गेल्यापासूनचं. नाना म्हणजे तिचे वडील, साताऱ्याला असायचे. ते गेले तेव्हा साथ चालू होती आणि आमचं इथून निघणं शक्यच नव्हतं. तिच्या चुलतभावाने, मुकुलने, फोन धरून सगळं दाखवायचा प्रयत्न केला, पण मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा पडद्यावर नुसता मुकुलचा अंगठा. सुनेत्रा उठली आणि गॅसची शेगडी घासायला लागली. रडली नाही. तेव्हा नाही आणि पुढं साताऱ्याला जाऊन आलो तेव्हाही नाही. तिथं जाऊन तिने आईचं माळ्यावरचं सामान खाली काढलं. मला भीती वाटायची, खरंच सांगतो. रात्री शेजारची जागा रिकामी दिसली की मी उठून कॉरिडॉरमध्ये डोकावून यायचो. ही अशीच चालत राहिली तर माझ्या हातातून कधी निसटून जाईल ते मला कळणारही नाही, असं वाटायचं. आणि यावर माझ्याकडे एकही उपाय नव्हता.

स्पेन हे नाव आणलं शैलेंद्रने. शैलेंद्र आमच्याच ब्लॉकमध्ये राहतो, मरीन इंजिनियर आहे, आणि जगातला एकही देश त्याने 'केलेला नाही' असं नाही. फक्त प्रत्येक देशात त्याने धक्का, क्रेन आणि सिमकार्डाचं दुकान एवढंच पाहिलेलं असतं.

"टोलेडोला जा," तो म्हणाला. "डोंगरावरचं जुनं गाव, खाली नदी, वर किल्ला. काय शांतता आहे म्हणून सांगू!"

"तू गेलायस?"

"मी कशाला जातोय? आमच्या जहाजावरचा इलेक्ट्रिशियन तिकडचा होता. अरे, त्याच्या तोंडून ऐकलंय म्हणजे गेल्यासारखंच की!"

आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "रवींद्र, तिथल्या तलवारी जगात एक नंबर. येताना एक घेऊन ये. मंडळाच्या शिवजयंतीला लागेल."

"तलवार? चांगी विमानतळावर उतरताना माझ्या हातात तलवार?"

"शोभेची रे! धार नसलेली. परवानगीचं मी बघतो."

शैलेंद्र 'मी बघतो' म्हणाला की ते आपल्यालाच बघावं लागतं, हा वीस वर्षांचा अनुभव. पण मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणता आलं असतं तर मी रिस्क विभागात कशाला आलो असतो?

आमची लेक आर्या हिचा याबाबतीत वेगळाच सिद्धांत होता. "पपा, ममी कॅनॉट सिट स्टिल, राइट? सो टेक हर टू अ प्लेस विथ सो मेनी स्लोप्स. शी टायर्ड, शी स्लीप. सिंपल लाह." चार वर्षं युनिव्हर्सिटीत घालवल्यावर मुलांना आईबद्दल एवढं समजतं.

व्हिसाची हकिकत सविस्तर सांगितली तर कुणी जागेवर उरणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आम्ही सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, पासपोर्ट मात्र भारताचा, म्हणजे युरोपच्या दारात दोन्हीकडची कागदपत्रं. पहिला फोटो परत आला, कारण माझ्या टकलावर उजेड चमकत होता. आता टक्कल मी चमकवायला घेतलेलं नाही! फोटोवाल्याने पावडर लावली. दुसरा फोटो परत आला, कारण पावडरीमुळे मी पार्श्वभूमीत विरघळलो. प्रवासाचा उद्देश काय, या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'पत्नीला स्वस्थता लाभावी.' काउंटरवरच्या पोरीने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्रा त्या वेळी हॉलमधल्या वेड्यावाकड्या खुर्च्या सरळ लावत होती. "सर, आय पुट टुरिझम, कॅन?" पोरगी म्हणाली. मी म्हटलं, कॅन.

तर असे आम्ही टोलेडोला पोचलो. स्टेशनवरून बॅगा ओढत निघालो आणि पहिल्याच गल्लीत फरसबंदीने माझ्या बॅगेचं एक चाक गिळलं. उरलेली बॅग मी लंगड्या बैलासारखी ओढत चढ चढत होतो आणि सुनेत्रा पुढं, दोन्ही हात मोकळे सोडून, ताडताड. फोनवरचा नकाशा त्या गल्ल्यांमध्ये पार भांबावून गेला. एकदा तर त्याने आम्हाला एका भिंतीतून आरपार जायला सांगितलं. आर्याच्या सिद्धांतात एकच चूक होती. त्या चढांनी दमलो मी. सुनेत्राला उलट हुरूप आला.

मी ऑफिसात बसून प्रेक्षणीय स्थळांचा रंगीत तक्ता केला होता. हिरवं म्हणजे पाहायलाच हवं, पिवळं म्हणजे वेळ मिळाल्यास. सुनेत्राने हिरवं, पिवळं सगळं एका फटक्यात उरकायला घेतलं. जे कॅथीड्रल बांधायला पिढ्यान् पिढ्या खपल्या, ते मी पहिल्या खांबाचा फोटो नीट येतोय का बघेपर्यंत ती आतून फिरून आली.

"छान आहे. स्वच्छ ठेवलंय," ती म्हणाली. "आता?"

किल्ला झाला. "आता?" पूल झाला, पुलावरून दिसणारी नदी झाली. तिथं जगभरची माणसं कठड्याला टेकून उसासे टाकत होती, आमच्या बाईंनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आता?" दुपारी सगळी दुकानं बंद झाली, गाव आडवं झालं, तेव्हा तर तिची अवस्था बघवेना. सबंध गाव झोपलंय आणि ही बंद दारांवरून भरभर चालतेय. एका चौकात मी म्हटलं, "सुनेत्रा, पाच मिनिटं टेक ना." ती बाकाच्या कडेला टेकली आणि लगेच उठली. "मला नाही हो जमत," ती म्हणाली. "बसलं की काहीतरी राहिलंय असं वाटतं." एवढंच बोलली. मला त्या परक्या गावात रडूच कोसळायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तलवारीचं लचांड उरकलं. तिथं दर चार पावलांवर तलवारींचं दुकान आहे. मी सगळ्यात लहान मागितली, दुकानदाराने माझ्या उंचीचा अपमान समजून सगळ्यात लांब काढली. मराठी माणूस तलवार हातात घेतल्यावर परत कशी ठेवणार? घेतली. त्याने ती उंच, अरुंद खोक्यात घालून वर चंदेरी कागद आणि जांभळी फीत बांधून दिली. ते खोकं उभं धरलं तर माझ्या डोक्याच्या वर जाई आणि आडवं धरलं तर गल्लीत मावत नसे.

तक्त्यातलं शेवटचं हिरवं स्थळ राहिलं होतं. एका लहानशा चर्चमधलं कुठलंसं जगप्रसिद्ध चित्र. नकाशाने नेहमीप्रमाणे हात वर केले. पण एका वळणावर मला चर्च दिसलं आणि चर्चच्या दारातून बाहेर आलेली लांबच लांब रांग दिसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सिंगापूरमध्ये एवढी वर्षं काढलेल्या माणसाला रांग दिसली की तो आधी उभा राहतो आणि मग कशाची म्हणून विचारतो. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आमच्या छपराखालच्या खाऊगल्लीत, ज्या गाड्यापुढं मोठी रांग, तिथलं जेवण चांगलं. हा आमच्याकडचा निसर्गनियम आहे. रिकामा स्टॉल दिसला की आम्ही संशयाने बघतो. तेव्हा एवढी मोठी रांग म्हणजे चित्र इथंच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी सुनेत्राला ओढलं, खोकं छातीशी उभं धरलं आणि उभा राहिलो. मागं लगेच आठदहा माणसं आली. म्हणजे निर्णय बरोबर.

"तिकीट कुठं काढायचं?" सुनेत्रा म्हणाली.

"सकाळी फुकट असेल."

"सगळ्यांनी काळे कपडे का घातलेत?"

"युरोप आहे. फॅशन."

रांग पुढं सरकली. आम्ही दारातून आत आलो. आत मंद उजेड, मेणबत्त्यांचा वास. मी भिंतींवर चित्र शोधत होतो. सुनेत्राने माझी बाही ओढली.

"अहो," ती हळूच म्हणाली. "इथं कुणीतरी गेलंय."

पुढं पाहिलं. वेदीसमोर शवपेटी होती. तिच्या भोवती फुलांची चक्रं, त्यांना जांभळ्या फिती. पहिल्या बाकाशी एक म्हातारी आजी, शेजारी पन्नाशीची मुलगी, दोघेतिघे नातेवाईक. एकेक माणूस जाऊन त्यांचा हात हातात घेत होता, गालाला गाल लावत होता. आणि त्या ओळीत मी, स्पोर्ट शूज, कॅमेरा आणि चंदेरी कागदातली तलवार घेऊन.

"चल, चल, निघू या," मी कुजबुजलो.

सुनेत्रा जागची हलली नाही. "आता कसं निघणार? एवढ्या दारात येऊन न भेटता परत फिरायचं? बरं दिसतं का ते?"

"अगं, आपण ओळखतो का त्यांना?"

"ओळखत नसलो म्हणून काय झालं? आलोय ना?"

मागं माणसं, पुढं माणसं. आणि खरं सांगायचं तर रांग सोडून बाहेर पडणं मला सिंगापूरने शिकवलेलंच नाही.

आधी माझी पाळी आली. आजीने दोन्ही हात पुढं केले. माझे दोन्ही हात खोक्यात अडकलेले. मी ते या काखेतून त्या काखेत घेण्याची खटपट करतोय तोवर शेजारच्या जाड मिशीवाल्या जावयाने (जावयालाच असली कामं असतात, मी स्वतः जावई आहे, मला कळतं) अतिशय आदराने ते खोकं माझ्या हातातून घेतलं. जांभळ्या फितीकडे पाहिलं, मान लववली आणि नेऊन शवपेटीशेजारी फुलांच्या चक्रांमध्ये उभं केलं. वर फीतही नीट केली. शैलेंद्रची तलवार अशी परलोकाच्या वाटेला लागली. ती परत मागण्याइतका मी निर्लज्ज नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी हात जोडले. आजीने माझे जोडलेले हात आपल्या हातांत धरले.

मग सुनेत्रा त्या मुलीपुढं उभी राहिली. मुलगी काहीतरी स्पॅनिशमध्ये बोलली. आणि आमच्याकडे अशा घरी गेल्यावर सगळ्यात आधी जे विचारतात, तेच सुनेत्राने शुद्ध मराठीत विचारलं, "काय झालं होतं हो? अचानकच का?"

त्या बाईला काय समजलं कोण जाणे. ती सांगायला लागली. हाताने छाती दाखवली, मग खिडकी दाखवली, मग बोटांनी काही दिवस मोजले. सुनेत्रा मान डोलावत होती, मध्येच "अरेरे" म्हणत होती. मग त्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं.

"माझे नाना," सुनेत्रा म्हणाली. "मला नाही जाता आलं हो. मला नाही जाता आलं."

आणि ती रडली. एवढ्या वर्षांचं सगळं एकदम आलं. तोंडावर पदर घ्यायला पदर नव्हता, ती त्या बाईच्या काळ्या कोटात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडली. ती बाईही रडायला लागली. रांग थांबली. त्या बाईने तिला धरून पहिल्या बाकावर आपल्या आईशेजारी बसवलं, आणि सुनेत्रा बसली. माझे डोळे गळत होते आणि रुमाल बॅगेत.

बाजूला एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना थोडं इंग्रजी येत होतं. "यू नो डॉन आगुस्तीन? फ्रॉम व्हेअर?" म्हणजे पेटीतल्या आजोबांचं नाव हे.

वस्तुस्थिती जाहीर करणं हा माझा पेशा आहे. इथं गैरसमज झालाय, आम्ही चित्र बघायला आलो होतो, हे वाक्य मी मनात इंग्रजीत नीट जुळवलं. तोंडातून फक्त "सिंगापूर" एवढंच आलं.

"सिंगापूर!" म्हाताऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, त्याने मागच्याला. तो शब्द बाकाबाकांवरून मागं दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. शेवटी कुणीतरी वाकून आजीच्या कानात सांगितलं. आजीने मान वर केली. तिने सुनेत्राकडे पाहिलं, मग शवपेटीकडे पाहून काहीतरी म्हणाली. त्याला सांगत होती बहुतेक, बघितलंस का, कुठून कुठून माणसं आलीत तुझ्यासाठी. चेहरा असा उजळला होता तिचा! मी तोंड उघडलं.

"तुम्ही काही बोलायचं नाही," सुनेत्रा डोळे पुसत मराठीत म्हणाली. मी तोंड मिटलं. रिस्क विभागात राहून आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक मी मुद्दाम दुरुस्त केली नाही.

शवपेटी गाडीत ठेवली, गाडी निघाली. मी शिष्टाचार म्हणून हात वर करून "येतो" म्हणणार, तेवढ्यात सुनेत्राने माझा हात खाली ओढला. "अशा ठिकाणी येतो म्हणतात का?" मी मान खाली घालून उभा राहिलो.

लोक पांगले. सुनेत्रा चर्चच्या पायरीवर बसली होती. मी जवळ गेलो तर तिने बाजूला सरकून मला जागा केली. मग पर्समधून फोन काढून तिने साताऱ्याला लावला.

"आई, मी एका ठिकाणी भेटायला आले होते," ती म्हणाली.

"कोण गेलं गं?" आईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तू नाही ओळखत. मीपण नाही. एक आजोबा होते." तिने नाक पुसलं. "आई, त्यांच्या घरच्यांना किती बरं वाटलं माहितेय? सिंगापूरहून कुणी आलं म्हणून. आपल्याकडे सगळे आले, दूधवालासुद्धा आला. सिंगापूरहूनच कुणी आलं नाही."

पलीकडे आईंनी फोन या कानावरून त्या कानावर घेतल्याची खरखर झाली. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"सुने," आई म्हणाल्या, "शेवटच्या दोन दिवसांत ते दर थोड्या वेळाने मला विचारायचे, सुनीला कुणी बोलावलं नाही ना? म्हणायचे, तिला सांगू नका, ती धडपडत निघेल. हे तुला सांगायला मला आजवर धीर झाला नाही बघ. तू नीट बसून कधी ऐकलंसच नाहीस."

सुनेत्राने माझा हात घट्ट धरला. ती पुन्हा रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं.

"रडून घे," आई म्हणाल्या. "आणि मयताला जाऊन आलीयस ना? मग घरी जाऊन आधी अंघोळ कर. जावईबापूंनाही सांग. डोक्यावरून."

"हो," सुनेत्रा म्हणाली. "करतो गं. बसू दे जरा."